निरीक्षण वही

फॉर्मवर पाच चौकोन आहेत.
अक्षरं. अंक. रंग. आकार.
पाचवा: आज मूल काय शिकलं, एका ओळीत.
एका ओळीत मावत नाही, म्हणून ही वही.

बालवाडीच्या मागे, बेसा रोडच्या ले-आउटमध्ये,
एक मोकळी जागा आहे. नकाशात ती बाग आहे.
प्रत्यक्षात एक बोर, दोन बाभळी,
कुणीतरी ओतून विसरलेला मुरमाचा ढीग
आणि बाकी सगळी काळी माती,
जी श्रावणात चप्पल काढून घेते
आणि मे महिन्यात भेगा उघडून म्हणते, घाल हात.
आता जानेवारी. आता ती ढेकळांची आहे.

साडेनऊला, गारठा थोडा उतरला की,
मी मुलं सोडते.
झोया आणि रेवांशी ढिगावरून घसरतात.
ऑगस्टमध्ये ढीग माझ्या खांद्याला होता,
आता कमरेला. उरलेला मुरूम
चड्ड्यांमधून शहरभर गेला.
बोराखाली भांडण. बोर एक, हात चार.
मी मध्ये पडले नाही.
बोर आंबट निघालं, मग कुणालाच नको होतं.

सम्यक गजभिये, साडेतीन वर्षं, सातवा मजला.
पहिल्या दिवशी गवत पायाला लागलं
तसा पाय वर धरून उभा राहिला, बगळ्यासारखा.
मी ये म्हटलं, आला नाही.
काहीच म्हटलं नाही, तरी आला नाही.
नऊ दिवस सिमेंटच्या पायरीवर.
नोंद: पायरीच्या फटीत मुंग्या आहेत.
त्याला त्यांचा रस्ता पाठ आहे.

पालकसभेत ढबाले म्हणाले,
मॅडम, फी काय मातीची देतो का जी आम्ही?
मी प्रशिक्षणातले शब्द काढले,
स्नायू, संतुलन, एकाग्रता, प्रतिकारशक्ती.
सगळे मान हलवत होते.
शब्द खोटे नव्हते.
फक्त त्यांच्या नखांत काही अडकलेलं नव्हतं.

दहाव्या दिवशी रेवांशी आपटली.
मी धावले, तर देवकाबाईनं पदर धरला.
पडू द्या ना जी, मातीच आहे, फरशी थोडीच हाय.
रेवांशीनं आधी आमच्याकडे पाहिलं,
रडावं की नाही ते ठरवायला.
मग गुडघ्याकडे. मग ज्याला अडखळली त्या ढेकळाकडे.
उचललं. आपटलं. फुटलं.
आतून एक काळा भुंगेरा निघाला,
झोपमोड झाल्यासारखा.

पायरीवरून सम्यक उतरला.
उतरला म्हणजे बसल्या बसल्या सरकला,
आणि पाय गवतात आहेत हे विसरून गेला.
त्यानं दोन्ही हातांनी ढेकूळ उचललं.
दिसत होतं त्यापेक्षा ते जड होतं,
हे मला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं.
पहिलं पायाजवळ पडलं. दुसरं फुटलं.
मग तो थांबेचना.

अंक: अकरा ढेकळं. मी मोजली, तो नाही.
रंग: वरून राखाडी, आत ओलसर काळा.
आकार: फोडल्यावर जे झाले ते सगळे.
अक्षरं: ढ.
हे अक्षर त्यानं मला येऊन सांगितलं नाही,
मातीला सांगितलं, पूर्ण शब्दासकट, चारदा.
तोवर तो शाळेत बोललेला नव्हता.

बाराला आई न्यायला आली, स्कूटी चालूच होती.
सम्यकच्या कोपरापर्यंत माती, ओठालाही.
ती काहीच बोलली नाही. रुमाल काढला,
पाहिला, परत ठेवला.
मला वाटलं, उद्या दाखला मागेल.

दुसऱ्या दिवशी फाटकाशी म्हणाली,
रात्री मशीनमध्ये काहीतरी खडखड वाजलं.
मेकॅनिकला फोन लावणार होते.
चड्डीच्या खिशात मुरमाचा खडा निघाला, एवढासा.
फेकू देत नाही. खिडकीत ठेवलाय,
सातव्या मजल्यावर. झोपताना पाहतो.

मग जरा थांबून,
आज जुन्या चड्डीत पाठवलंय.

पाचवा चौकोन अजून रिकामा आहे.
पेन सापडत नाही.
झोया त्यानं बोराखाली काहीतरी खणते आहे.